फुलीचं बटण कुठे असावं?

विंडो पडदाभर पसरलेली असेल, तर ती बंद करताना फुलीच्या बटणाकडे धड बघावंही लागत नाही. विंडोजवर माउस वर उजवीकडे जोरात ढकलायचा, कर्सर कोपऱ्यात जाऊन अडकतो, क्लिक केलं की काम झालं. तीच विंडो लहान करून पडद्याच्या मध्यभागी आणली तर बटण तेवढंच राहतं, पण आता नेम धरावा लागतो. कर्सर थोडा पुढे जातो, मागे आणावा लागतो, मग कुठे जागेवर बसतो. फरक सेकंदाच्या अंशाचा. तरीही डेस्कटॉपची मांडणी करणारे त्यावरून वर्षानुवर्षं भांडत आले आहेत.

या भांडणाच्या मुळाशी असलेला प्रयोग माउस येण्याच्याही आधीचा आहे. १९५४ साली पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या हातात धातूची लेखणी दिली आणि दोन पट्ट्यांवर आळीपाळीने, जमेल तितक्या भरभर टोचायला सांगितलं. पट्ट्यांची रुंदी पाव इंचापासून २ इंचांपर्यंत, मधलं अंतर २ पासून १६ इंचांपर्यंत. लागणारा वेळ अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमनुसार वाढतो, असं दिसलं. म्हणजे अंतर दुप्पट केलं आणि पट्टीही दुप्पट रुंद केली, तर वेळ जवळपास तोच. अंतर दुप्पट करा किंवा पट्टी निम्मी करा, भुर्दंड सारखाच. १९७८ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रातल्या कार्ड, इंग्लिश आणि बर या तिघांनी हाच नियम माउसला लावून पाहिला. तो चपखल बसला.

हाताची हालचाल जवळून पाहिली तर कारण कळतं. पहिली झेप मोठी आणि वेगवान असते, बऱ्यापैकी आंधळी. लक्ष्य जवळ आलं की डोळा चूक मोजतो आणि हात छोट्या छोट्या दुरुस्त्या करतो. बटण लहान असेल तर बराचसा वेळ या दुरुस्त्यांतच जातो. पडद्याच्या कडेला मात्र कर्सर कडेपलीकडे जाऊच शकत नाही, त्यामुळे त्या दिशेची दुरुस्ती गळून पडते. कडेला टेकलेलं वीस पिक्सेलचं बटण हाताच्या दृष्टीने त्या दिशेला अमर्याद रुंद होतं, आणि कोपऱ्यातलं बटण दोन्ही दिशांना. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये मेन्यू विंडोला न चिकटवता पडद्याच्या अगदी वरच्या कडेला ठेवला होता, त्याचा फायदा इथेच आहे.

हे गणित किती नाजूक आहे ते विंडोज ९५ च्या स्टार्ट बटणात दिसतं. बटण डाव्या खालच्या कोपऱ्यात होतं खरं, पण कडेपासून एक-दोन पिक्सेल सोडून. माउस कोपऱ्यात आपटून क्लिक केलं तर काहीच व्हायचं नाही. डोळ्याला न दिसणारी ती फट कोपऱ्याचा सगळा फायदा घालवत होती. पुढच्या आवृत्त्यांत ती बुजवली गेली.

पण फिट्सचं सूत्र पोचायला किती वेळ लागेल एवढंच सांगतं. चुकून भलत्याच बटणावर पोचलात तर काय होईल, याबद्दल ते गप्प आहे. माझ्या मते खरी रचना तिथून सुरू होते.

विंडोज ३.१ मध्ये उजव्या कोपऱ्यात विंडो मोठी करण्याचं बटण होतं. बंद करायची तर वर डावीकडच्या चौकोनावर डबल-क्लिक, म्हणजे दुसऱ्या टोकाला आणि थोडं मुद्दाम. १९९५ साली फुली उजवीकडे आली, तीही मॅक्सिमाइजला खेटून आणि त्याचीच कोपऱ्यातली जागा घेऊन. सगळ्यात निरुपद्रवी बटणाच्या शेजारी सगळ्यात घातक बटण! मॅकने २००० साली दाखवलेल्या अ‍ॅक्वा रूपात लाल, पिवळी, हिरवी अशी तीन गोल बटणं डावीकडे एका रांगेत ठेवली आणि त्यांच्यावरची चिन्हं कर्सर जवळ नेल्यावरच दाखवली. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यांनी केवळ जागेवरून ओळखायचं.

उबुंटू या लिनक्सवर आधारित मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा किस्सा सगळ्यात बोलका. एप्रिल २०१० मध्ये १०.०४ ही आवृत्ती आली आणि बटणं उजवीकडून उचलून डावीकडे गेली. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांचं म्हणणं, उजवीकडची जागा पुढच्या कल्पनांसाठी मोकळी हवी. लोक खवळले. सवय मोडल्याचा राग होताच, पण एक आक्षेप अगदी नेमका होता: फुली आता फाइल आणि एडिट मेन्यूंच्या जवळ आली होती, जिथे हात दिवसभर जात-येत असतो. गंमत म्हणजे ज्या कल्पनांसाठी जागा मोकळी केली, त्या विंडोच्या त्या कोपऱ्यात कधी धड रुजल्याच नाहीत. २०१७ च्या १७.१० मध्ये बटणं पुन्हा उजवीकडे परतली.

त्याच मंडळींनी लाँचरच्या, म्हणजे प्रोग्रॅम उघडायच्या आयकॉन-पट्टीच्या बाबतीत मात्र चुकण्याची किंमत फार बारकाईने मोजली. २०११ साली डेस्कटॉपवर आलेल्या युनिटीत, म्हणजे उबुंटूच्या नव्या मांडणीत, ही पट्टी डाव्या कडेला उभी होती आणि विंडो अंगावर आली की लपायची. कर्सर कडेला लागला की परत यायची. आता ब्राउझरचं मागे जाण्याचं बटणही डावीकडेच असतं. तिकडे जाताना हात जरा जास्त सरकला की लाँचर मध्ये टपकायचा. कडेचा जो गुण फिट्सच्या हिशेबात वरदान, तोच इथे आडवा आला.

१२.०४ मध्ये यावर दोन उपाय झाले. लाँचर मुळातच कायम दिसता ठेवला. लपवायचाच असेल, तर तो कडेला नुसतं लागून येणार नाही, कडेवर दाब द्यावा लागेल. माउसला दाब कसला, असं वाटेल. पण कर्सर कडेला थांबला तरी टेबलावरचा माउस सरकतच असतो आणि तशा नोंदी संगणकाला पाठवत असतो. एरवी त्या वाया जातात. इथे त्यांची बेरीज केली, आणि ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तरच लाँचर बाहेर येऊ दिला. ओझरता स्पर्श आणि मुद्दाम दिलेला रेटा यांतला फरक अशा रीतीने मोजता आला. मर्यादा किती, हे वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये ठरवायचं. दोन मॉनिटर शेजारी ठेवले की मधली कड नाहीशी होते आणि कर्सर बेधडक पलीकडे निघून जातो. तिथेही हीच युक्ती वापरून कर्सरला क्षणभर अडवता येतं.

लाँचरमधल्या आयकॉनवर क्लिक केल्यावर काय व्हावं, हा वाद अजून मिटलेला नाही. प्रोग्रॅम बंद असेल तर तो उघडावा, मागे असेल तर पुढे यावा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. तो आधीच समोर असेल तर? विंडोजचा टास्कबार अशा वेळी त्याला मिनिमाइज करतो. युनिटीने ते बराच काळ नाकारलं आणि नंतर निवडीपुरतं दिलं. नाकारण्यात तथ्य होतं. डेस्कटॉपवरच्या आयकॉनना डबल-क्लिक करायची सवय असलेला माणूस लाँचरवरही दोनदा क्लिक करतो. मिनिमाइजचा नियम सरळसोट लावला, तर पहिल्या क्लिकने विंडो पुढे येते आणि दुसऱ्याने गायब होते, आणि त्याला वाटतं, प्रोग्रॅम उघडतच नाहीये. तो पुन्हा दोनदा क्लिक करतो. नुकसान काहीच नसतं, पण आपण काय चुकलो हे त्याला पडदा सांगत नाही. ज्याला एकाच बटणाने विंडो पुढे-मागे करायची आहे, त्याला मात्र हीच सोय सगळ्यात जलद. म्हणून ती सेटिंगमध्ये असावी आणि सुरुवातीला बंद असावी, या बाजूचा मी आहे.