एसक्यूएलमधील भागाकार: मोकळ्या सोडलेल्या एका नियमाची पार्श्वभूमी

१९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती टेबलांत साठवण्याची, कल्पना मांडली गेली, तेव्हा तिच्या बीजगणितात ओळी निवडणे, कॉलम निवडणे आणि टेबले जोडणे यांना स्थान होते, आकडेमोडीला नव्हते. ती सोय एसक्यूएलने, म्हणजे अशा डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेने, क्वेरीतच (त्या प्रश्नातच) करून दिली आणि १९८६ च्या पहिल्या प्रमाणकात चार मूलभूत क्रियांची चिन्हे आली.

यांपैकी तीन चिन्हांनी फारसा त्रास दिला नाही. नेमक्या दशांश संख्यांच्या बेरजेत व वजाबाकीत दोहोंपैकी जास्त दशांश स्थळे राखायची आणि गुणाकारात दोहोंच्या दशांश स्थळांची बेरीज घ्यायची, असे १९९२ च्या प्रमाणकात स्पष्ट सांगितले आहे. भागाकाराच्या उत्तरात किती दशांश स्थळे असावीत, हे मात्र डेटाबेस प्रणाली तयार करणाऱ्यांवर सोपवले गेले. एक भागिले तीन यासारखे उत्तर कुठे तरी तोडावेच लागते, त्यामुळे ही मोकळीक समजण्यासारखी आहे. पण दोन पूर्णांकांच्या भागाकारापुरता तरी नियम ठरवायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

त्याचा परिणाम आजही रोज दिसतो. ७ / २ या क्वेरीला पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणाली ‘३’ हे उत्तर देतात, तर ऑरॅकल ३.५ देते. मायएसक्यूएलही अपूर्णांक राखते आणि पूर्णांकी भागाकारासाठी ‘डिव्ह’ हे वेगळे चिन्ह पुरवते. ६० पैकी ४५ विद्यार्थी उत्तीर्ण झाले असतील, तर ४५ / ६० * १०० या क्वेरीतून पोस्टग्रेसमध्ये ७५ नव्हे, तर शून्य मिळते, कारण क्रिया डावीकडून उजवीकडे होतात आणि पहिल्याच पायरीवर अपूर्णांक गळून जातो. ४५ * १०० / ६० असे लिहिले की ७५ येते, पण उत्तर पूर्णांकी नसेल तिथे दशांश भाग याही मांडणीत हरवतोच. म्हणून १००.० ने गुणण्याची किंवा ‘कास्ट’ने प्रकार बदलून घेण्याची सवय रूढ झाली. चुकीच्या क्रमाने लिहिलेली क्वेरी कोणतीही त्रुटी न दाखवता चालते, हा यातला खरा धोका आहे.

बाकी काढण्यातही एकवाक्यता नाही: ऑरॅकलमध्ये ‘मॉड’ हे फंक्शन वापरावे लागते, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये टक्क्याचे चिन्ह. भाजक शून्य असल्यास पोस्टग्रेस क्वेरी थांबवते, तर एसक्यूलाइट निमूटपणे ‘नल’ (म्हणजे ‘मूल्य नाही’) परत करते. त्यामुळे एका प्रणालीवरून दुसरीवर जाताना प्रत्येक भागाकार स्वतंत्रपणे तपासावा लागतो.