इंटार्सिया सपाट होतं, तेव्हा घासायला फारसं काही लागत नव्हतं

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये इटलीतल्या गुब्बिओ गावच्या राजवाड्यातली एक छोटी अभ्यासिका आणून उभी केली आहे. १४७८ ते १४८२ च्या सुमारास फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो या ड्यूकसाठी ती तयार झाली. भिंतीत जाळीच्या दारांची कपाटं दिसतात, काही दारं अर्धवट उघडी, आत पुस्तकं, वाद्यं, उपकरणं. प्रत्यक्षात तिथे एकही कपाट नाही. अक्रोड, बीच, ओक अशा लाकडांचे तुकडे एकमेकांना चिकटून बसवलेली ती सपाट भिंत आहे. लाकडाच्या तुकड्यांतून चित्र जुळवायच्या या कलेला इंटार्सिया म्हणतात. खोलपणाचा भास होतो तो लाकडांचे रंग आणि रेषांच्या दिशा यांच्या जोरावर.

त्या काळच्या इंटार्सियात अवघड होतं ते कापणं आणि बिनफटीचं बसवणं. पृष्ठभाग सपाटच असल्यामुळे शेवटी पातळ पोलादी पट्टीने तो खरवडला की बरंचसं काम उरकायचं. आज इंटार्सिया शिकणारा सगळ्यात आधी विचारतो, ‘घासायला कोणतं स्वस्त मशीन घेऊ?’ त्या कारागिरांना हा प्रश्न पडलाच नसता.

प्रश्न उभा राहिला तो तुकडे फुगीर झाले तेव्हा. अमेरिकेत १९८० च्या दशकात ज्युडी गेल रॉबर्ट्स यांच्यासारख्या कलाकारांनी या कलेचं वेगळंच रूप लोकप्रिय केलं. साधारण पाऊण इंच जाडीच्या फळीतून स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पात्याच्या वळणदार कापणाऱ्या करवतीच्या मशीनवर, तुकडे कापायचे, प्रत्येकाला स्वतंत्र उंची आणि गोलाई द्यायची, मग सगळे प्लायच्या पाठीवर चिकटवायचे. रंग लाकडाचा स्वतःचाच. तुकडे कापण्यापेक्षा त्यांना आकार देण्यातच जास्त वेळ जाऊ लागला आणि तो आकार मुख्यतः घासूनच येतो.

घासायच्या साहित्याचा इतिहास याहून जुना. चीनमध्ये तेराव्या शतकात कुटलेले शिंपले आणि वाळू नैसर्गिक डिंकाने चर्मपत्रावर चिकटवत. इतर ठिकाणी शार्कची खरखरीत कातडी किंवा एक्विसेटम ही वनस्पती वापरत. तिच्या खोडात सिलिका असते, त्यामुळे लाकूड छान गुळगुळीत होतं. लंडनमध्ये जॉन ओकी यांनी १८३३ साली काचेचा चुरा लावलेला कागद कारखान्यात बनवायला सुरुवात केली.

मोठी उडी १८९१ ची. एडवर्ड ॲचेसन कृत्रिम हिरे बनवायच्या खटपटीत होते. माती आणि कोक (भाजलेला दगडी कोळसा) यांच्या मिश्रणातून त्यांनी जबर वीजप्रवाह सोडला आणि हाती आला सिलिकॉन कार्बाइड हा अतिशय कठीण पदार्थ. सुरुवातीला ते रत्नांना पैलू पाडणाऱ्यांना कॅरटच्या हिशेबाने विकलं गेलं. पुढे ते आणि त्यामागोमाग आलेलं कृत्रिम ॲल्युमिनियम ऑक्साइड मुबलक झालं, म्हणून आज पॉलिश पेपर, म्हणजे सँडपेपर, जवळपास कुठल्याही खिशाला परवडतो. ३एम कंपनीचा किस्सा तर मजेशीर आहे: १९०२ साली ती निघाली कोरंडम हे घासायच्या कामाचं कठीण खनिज खणायला, आणि निघाला तो भलताच मऊ दगड. मग कंपनी सँडपेपर बनवू लागली. १९२१ साली तिने पाण्यातही टिकणारा सँडपेपर बाजारात आणला.

मशीनं मात्र इंटार्सियासाठी जन्मली नाहीत. पोर्टर-केबल कंपनीचा हातात धरायचा बेल्ट सँडर (सँडपेपरचा फिरता पट्टा असलेलं मशीन) १९२६ चा, ड्रेमेल कंपनीचं छोटं फिरतं हत्यार १९३५ चं. बेल्ट सँडर सपाट फळ्यांसाठी. त्याच्यामागे पोलादी पाट असतो, त्यामुळे गोलाईवर टेकवला की तिथे चपटा डाग पडतो. ड्रेमेल खाचाखोचांत उत्तम, पण मोठ्या तुकड्यावर त्याचा इवलासा ड्रम, म्हणजे सँडपेपर चढवलेला फिरता दंडगोल, लाटा उमटवतो. स्वस्त मशीन निवडताना बहुतेकजण वॅट आणि फेरे बघतात. माझ्या मते आधी बघायची ती कागदामागची गादी: ती कडक आहे की मऊ?

म्हणूनच या कामात हवा भरायच्या ड्रमला इतका मान आहे. रबरी फुग्यावर कापडी पाठीचा सँडपेपर चढवायचा आणि पंपाने हवा भरायची. हवा कमी ठेवली की ड्रम दबतो आणि गोलाईला लपेटून घेतो. पक्ष्याचा पंख घ्या. पिसांचे पाच-सहा तुकडे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने प्लायच्या एका तुकड्यावर चिकटवायचे आणि सगळ्यांवरून एकदम उतार काढायचा, म्हणजे पिसं एकाच अंगातून उगवल्यासारखी दिसतात. मग सुटी करून प्रत्येकाची कड हलकेच गोल करायची. शेजारच्या तुकड्याची उंची पेन्सिलीने कडेवर आखून ठेवावी आणि त्या रेषेच्या खाली जाऊ नये. कडक ड्रमने हा उतार पायऱ्या-पायऱ्यांचा होतो.

हा ड्रम महाग वाटत असेल तर लाकडी दांड्यावर फोम गुंडाळून, वर सँडपेपर लावून हातानेही हे साधतं. वेळ जातो, इतकंच. ड्रिल प्रेसमध्ये, म्हणजे भोकं पाडायच्या उभ्या यंत्रात, ड्रम बसवणं हाही जुना काटकसरी मार्ग आहे. फक्त ते यंत्र खालच्या दिशेने दाबायला बनलेलं असतं. बाजूने जोर लावत राहिलं तर चक (ड्रम पकडून ठेवणारा भाग) निसटू शकतो, म्हणून हात हलका हवा.

कागदात मात्र कंजुषी नको. बोथट कागद कापत नाही, लाकूड तापवतो आणि काळे डाग पाडतो. कागदाचा नंबर जितका मोठा तितके त्याचे कण बारीक: ८० नंबरचा कण सरासरी ०.२ मिलिमीटरचा, २२० चा साधारण ०.०७ चा. ८० वरून थेट २२० वर उडी मारली तर जाड ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिश चढवल्यावर उठून दिसतात. मध्ये १२० किंवा १५० लागतोच.

धुळीसाठीही थोडे पैसे राखून ठेवावेत. इंटार्सियावाल्यांचं लाडकं वेस्टर्न रेड सीडर हे लाकूड मऊ असतं, त्यात फिकट ते गडद तपकिरी छटा मिळतात, पण त्यातल्या प्लिकॅटिक ॲसिडमुळे काहींना दमा होतो. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. बजेट तोकडं असेल तर मशीन नंतर घ्यावं, मास्क आणि धूळ ओढायची सोय आधी.