उत्तरेत पहिला हिवाळा काढणाऱ्या गलाई कुटुंबांसाठी

विटा, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी दिल्ली, अमृतसर, लुधियाना, जम्मूकडे निघालेली कुटुंबं दिवाळी उरकली की आमच्या गादी कारखान्यात येतात. पहिल्यांदाच जाणाऱ्यांचा प्रश्न एकच असतो : सगळ्यात जाड रजई कुठली? आम्ही त्यांना सांगतो, आधी अंथरुणाचं बघा, मग पांघरुणाचं.

विट्यात पारा १२-१३ अंशांवर आला की आपण शेकोटी पेटवतो. अमृतसरला जानेवारीत पहाटेचं तापमान सरासरी ४ अंशांच्या आसपास असतं, दिल्लीला ७-८. पण खरा फरक दिवसा जाणवतो. आपल्याकडे कितीही गारठा पडला तरी दहा वाजता ऊन चांगलं तापतं. तिकडे डिसेंबरच्या अखेरीस धुकं धरलं की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही आणि भर दुपारीही पारा १५ च्या आतच राहतो. त्यात घरं बांधलेली असतात मे-जूनच्या उन्हाळ्याला तोंड द्यायला. फरशी एकदा गारठली की महिनाभर तशीच राहते. ऊन पडलेल्या दुपारी घरात हुडहुडी भरते आणि गच्चीवर बरं वाटतं, ते यामुळेच.

कापूस स्वतः ऊब तयार करत नाही. त्यात अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. अंगाखालची गादी वजनाने दबते, हवा निघून जाते आणि फरशी सगळी ऊब ओढून घेते. मग वर कितीही जाड रजई घ्या, पाठ गारच. म्हणून शक्यतो लाकडी पलंगावर झोपा. खाली झोपणं भागच असेल तर आधी जाड चटई किंवा सतरंजी, तिच्यावर घोंगडी आणि मग गादी. माणदेशातली सनगरांनी विणलेली घोंगडी घरात असेल तर टोचते म्हणून गावाकडे ठेवून जाऊ नका. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब धरते. कापूस दमटला की गार पडतो.

पांघरायला एक फार जड रजई घेण्यापेक्षा मध्यम जाडीच्या दोन घ्या. दोन्हींच्या मधली हवाही कामी येते आणि थंडी कमी झाली की एक काढून ठेवता येते. जुनी रजई चपटी झाली असेल तर नवीन घेण्याआधी ती पिंजायला आणा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागतं, खर्चही कमी.

स्वेटर, जॅकेट, इनर इथून भरून नेऊ नका. लुधियानात त्याचे कारखानेच आहेत, तिकडे चांगला माल मिळतो. फक्त बूट घेताना दोन मोजे घालून माप बघा. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. बोटं लाल होऊन सुजली, खाजू लागली तर ती विस्तवावर धरू नका. सुती कापडाने कोरडी करून मोज्यात हळूहळू ऊबवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेटती शेगडी, अंगीठी घेऊन बंद खोलीत कधीही झोपू नका. निखाऱ्यांचा धूर होत नाही म्हणून धोका नाही, असं वाटतं. पण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला जागसुद्धा येत नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात अशी माणसं जातात. गलाईच्या धंद्यात तर भट्टी रोजचीच. दुकानातच झोपणाऱ्या कामावरच्या पोरांना हे समोर बसवून सांगा. भट्टी विझत आलेली असली तरी त्या खोलीत झोपायचं नाही, आणि थंडी वाजते म्हणून ॲसिडची वाफ काढणारा पंखा किंवा खिडकी बंद करायची नाही. बिनझरोक्याच्या न्हाणीघरातला गॅस गीझरही तसाच घातक. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर सर्दी-पडसं समजू नका. आधी सगळ्यांना उघड्यावर काढा, मग दवाखाना.

विजेचा हीटर त्यापेक्षा बरा. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट वीज खातो, म्हणून झोपण्याआधी खोली तापवून तो बंद करावा. त्याची पिन जाड सॉकेटातच लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको.

म्हातारी माणसं सोबत असतील तर थंडीत रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, हे ध्यानात ठेवा. गोळ्या चालू असलेल्यांनी नोव्हेंबरातच डॉक्टरांना दाखवावं आणि धुक्यात पहाटे फिरायला जाणं सोडावं. तान्ह्या बाळावर मोठ्यांची रजई घालू नका, ती तोंडावर आली तर त्याला बाजूला सारता येत नाही. बाळाला अंगभर गरम कपडे घाला, तेवढं पुरे.

रजई भरून घ्यायची असेल तर निघण्याआधी निदान आठवडाभर सांगा. पलंगाचं माप, किती माणसं झोपणार आणि मुक्काम कुठल्या शहरात, एवढं कळवा. कापूस किती घालायचा ते त्यावर ठरतं. अमृतसरला जाणाऱ्याला लागेल तेवढा कापूस दिल्लीवाल्याला भरून द्यायचा नाही, हा आमचा नेम आहे.