खरपुडी माशा खात नाही

पावसाळ्यात फोनवर दरवर्षी एक फोटो फिरतो: हिरवट-जांभळं, कंदिलासारखं फूल, खाली ओळ ‘सह्याद्रीतली मांसाहारी वनस्पती’. यंदा तो मला तिसऱ्यांदा आला. फूल खरपुडी या रानवेलीचं. ती माशा पकडते हे खरं, पण खात नाही. कामाला लावून सोडून देते.

ऑगस्ट-सप्टेंबरात वेताळ टेकडीसारख्या पुण्याच्या टेकड्यांवर काटेरी झुडपांत शोधा. तिथे गुरांचं तोंड पोचत नाही. वेल बारीक, पानं समोरासमोर, जाडसर. पण पानांवर भिस्त नको: एका वेलावर गोल, तर दुसऱ्यावर काडीसारखी. फूल मात्र चुकत नाही. तळाशी फुगीर, वर नळी, माथ्यावर पाच पाकळ्यांची टोकं जुळून झालेली जाळी. हमण ही तिची केसाळ बहीण गवताळ डोंगरउतारांवर भेटते. हरिश्चंद्रगडावरची दुसरी बहीण तर वेलच नाही, ताठ उभी.

आता खरी गंमत. वासाला भुललेली चिलटाएवढी माशी पाकळीवर बसते आणि निसरड्या नळीत घसरते. नळीतल्या केसांची टोकं खाली वळलेली, म्हणून आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. तळाच्या खोलीत मध असतो. खरपुडी रुईच्या कुळातली, त्यामुळे पराग सुटे नसतात. त्यांचे मेणचट गोळे, दोन-दोन गोळे एकेका चिमट्याला टांगलेले. मध चाटताना सोंड एका खाचेत शिरते, मागे ओढताना चिमटा तिला घट्ट बसतो. पुढे केस सुकतात, उभं फूल आडवं कलतं, माशी गोळ्यांसकट सुटते आणि दुसऱ्या फुलात पुन्हा फसते. तिथे गोळा नेमका खाचेत अडकला, तरच शिंगांसारख्या जोडशेंगा धरतात. त्यातून म्हाताऱ्या उडतात, रुईच्या उडतात तशाच.

वासाची तऱ्हा आणखी न्यारी. खरपुडीच्या दक्षिण आफ्रिकेतल्या एका बहिणीवरचं संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. कोळ्याच्या तावडीतली मधमाशी जो गंध सोडते, तोच तिचं फूल सोडतं. मरत्या मधमाशीचा रस प्यायला टपलेल्या माशा धावत येतात.

‘शक्तिवर्धक’ म्हणून कंद उपटणाऱ्यांसाठी एवढंच: वेल दरवर्षी वाळतो, झाड जगतं ते कंदातच. टेकड्या ‘ओसाड’ म्हणून आपण त्यांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे बाहेरून आणलेलं झाड लावलं. त्याच्या दाट सावलीत मला आजवर एकही खरपुडी दिसलेली नाही.