राष्ट्राध्यक्षांची सही: सनदेपासून यंत्रापर्यंत

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या सहीचे कागद जमवणाऱ्याने २ मार्च १८३३ ही तारीख पाठच करावी. तोवर सरकारी जमिनीच्या सनदांवर राष्ट्राध्यक्ष स्वतः सही करत. जमिनीची विक्री वाढली, सह्यांचे काम तुंबले आणि कायद्याने ते चिटणिसाकडे गेले. पुढच्या सनदांवर ‘अँड्र्यू जॅक्सन’ हे नाव दिसते, पण अक्षर चिटणिसाचे. खाली ‘बाय’ (म्हणजे ‘यांच्या हस्ते’) लिहून त्याने आपली सहीही केलेली असते. फ्रेमच्या माउंटखाली ती ओळ गेली की सनद अस्सल म्हणून खपते. लष्करी नियुक्तिपत्रांचे तसे नाही. लिंकन त्यांवर पूर्ण नाव लिहीत, पत्रांखाली बहुधा ‘ए. लिंकन’. अँड्र्यू जॉन्सन यांच्या नियुक्तिपत्रांवर मात्र अनेकदा सहीचा शिक्काच आढळतो.

खरा गुंता ऑटोपेनचा, म्हणजे सही करणाऱ्या यंत्राचा. केनेडींच्या काळात त्याचा सर्रास वापर झाला. मूळ सहीवरून साचा कापतात, त्याच्या कडेने यंत्राचा दांडा फिरतो आणि दांड्यातले पेन सही उमटवते. रेषेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी, टोके बोथट, पेन टेकले तिथे ठिपका. दोन सह्या एकावर एक ठेवून उजेडात धराव्यात; तंतोतंत जुळल्या तर यंत्राच्या समजाव्यात, कारण हाताची सही दोनदा तशीच येत नाही. न जुळल्या म्हणून मात्र हुरळू नये. एकाच राष्ट्राध्यक्षाचे अनेक साचे असतात, आणि सही चालू असताना कागद सरकला तरी फरक पडतो.

२००५ मध्ये सरकारी कायदेतज्ज्ञांनी मत दिले, की राष्ट्राध्यक्षांनी निर्णय घेऊन सांगितले असेल तर विधेयकावर ऑटोपेनची सही चालते. मे २०११ मध्ये ओबामा फ्रान्समध्ये असताना एक विधेयक असेच मंजूर झाले. राज्यघटनेत ‘सही करतील’ म्हटले आहे, मग स्वतःचा हात नको का, असा आक्षेप तेव्हाही निघाला. २०२५ मध्ये बायडन यांच्या माफीपत्रांवरून तो पुन्हा पेटला. कायद्याला निर्णय कोणाचा एवढेच पाहायचे असल्याने ते मत पटण्याजोगे आहे. विक्रेते मात्र त्याचाच आधार घेऊन यंत्राचा कागद ‘अधिकृत सहीचा’ म्हणून विकतात, ही सरळ दिशाभूल आहे. संग्राहक पैसे मोजतो ते हातासाठी.

१९७८ च्या कायद्याने २० जानेवारी १९८१ पासूनचे अध्यक्षीय दप्तर राष्ट्राच्या मालकीचे झाले. त्यामुळे अलीकडच्या राष्ट्राध्यक्षांची बाजारात येतात ती मुख्यतः लोकांना पाठवलेली पत्रे आणि छायाचित्रे, आणि यंत्राच्या सह्या सर्वाधिक त्यांवरच असतात.