जवान पलटणीत कशासाठी टिकतो?

भरतीच्या सोळाशे मीटर धावेचा पहाटे सराव करणारी मुले सोलापूर, मोहोळ, माढा, सांगोला या पट्ट्यात वर्षभर दिसतात, आणि ती सैन्यात पगारासाठी जातात की देशासाठी, हा वादही इथे तितकाच बारमाही आहे. लष्कराचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांच्या दृष्टीने या वादात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: माणूस भरती का होतो, सेवेत का राहतो, आणि गोळीबार सुरू असताना जागा का सोडत नाही.

सर्वाधिक संशोधन तिसऱ्या प्रश्नावर झाले. दुसऱ्या महायुद्धात सॅम्युअल स्टाउफर यांच्या पथकाने लाखो अमेरिकन सैनिकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि त्यांचे निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. लढत राहण्याचे कारण विचारल्यावर सर्वाधिक सैनिकांचे उत्तर होते की हे काम एकदाचे संपवून घरी जायचे आहे. त्याखालोखाल सोबत्यांचा विचार होता, तर शत्रूचा द्वेष अगदी तळाशी होता. जर्मन युद्धकैद्यांच्या अभ्यासावरून एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जॅनोविट्झ यांनीही १९४८ मध्ये असेच म्हटले होते की सैनिकाला तगवते ती प्रामुख्याने त्याच्या लहानशा तुकडीतील एकजूट.

मात्र हे उत्तर जितके लोकप्रिय आहे तितके निर्विवाद नाही. रशियाविरुद्धच्या पूर्व आघाडीवर जर्मन तुकड्यांतील माणसे इतक्या झपाट्याने मरत होती की जुने सोबती उरतच नव्हते, तरीही सैन्य लढत राहिले. त्यामागे विचारसरणीचा पगडा आणि कठोर शिक्षेची भीती होती, असे इतिहासकार ओमर बार्तोव्ह यांनी दाखवून दिले. पुढील संशोधकांनी एकजुटीचेही दोन प्रकार वेगळे केले: परस्परांविषयीचा जिव्हाळा आणि हाती घेतलेल्या कामाविषयीची सामायिक बांधिलकी. कामगिरीशी अधिक घट्ट संबंध आढळतो तो दुसऱ्या प्रकाराचा, आणि ते पटण्यासारखे आहे, कारण जिवलग मित्र मिळून कामचुकारपणाही करू शकतात. आपल्याकडील रेजिमेंटची रचना ही बांधिलकी एका तुकडीच्या आयुष्यापलीकडे नेते. १७६८ पर्यंत मागे जाणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगाव येथील केंद्रात दाखल होणारा मुलगा जिवंत सोबत्यांइतकाच आधीच्या पिढ्यांच्या नावलौकिकाशी बांधला जातो. ‘नाम, नमक, निशान’ या तीन शब्दांत फौजी माणूस हेच सांगतो.

सेवेत टिकण्याबाबत मात्र एक अनपेक्षित निष्कर्ष हाती आला आहे. अ‍ॅमी व्रेझ्नेव्हस्की, बॅरी श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतील दहा हजारांहून अधिक छात्रांची प्रवेशाच्या वेळची कारणे आणि त्यांची पुढील अनेक वर्षांची कारकीर्द ताडून पाहिली व २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. अधिकारी होण्याची मनापासूनची ओढ असलेले छात्र अधिक प्रमाणात टिकले; परंतु त्या ओढीला पुढे चांगली नोकरी मिळवण्यासारख्या हिशेबाची जोरदार जोड होती, तेथे तिचा प्रभाव क्षीण झालेला आढळला. दोन कारणांची बेरीज झाली नाही.

हा निष्कर्ष सोलापूरच्या जवानाला जसाच्या तसा लावणे मला योग्य वाटत नाही. तो अधिकारी होऊ घातलेल्या अमेरिकन तरुणांचा आहे, शिवाय त्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. कोरडवाहू शेतीच्या घरातून आलेला मुलगा पगारातून बहिणीचे लग्न आणि वडिलांचे कर्ज निभावतो, तेव्हा तो पैसा निव्वळ बाहेरचे आमिष राहत नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीत याला जागा आहे: बाहेरून आलेले कारण माणूस टप्प्याटप्प्याने स्वतःचे मूल्य म्हणून स्वीकारू शकतो.

२०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या प्रश्नांना नवी धार आली आहे. चार वर्षांच्या सेवेनंतर एकाच वेळी भरती झालेल्यांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेतले जाते, म्हणजे ज्या सोबत्याच्या भरवशावर पहारा द्यायचा, तोच त्या मोजक्या जागांसाठीचा स्पर्धकही असतो. या स्पर्धेने कामाविषयीची बांधिलकी वाढते की पोखरली जाते, हे भरतीच्या मैदानावर मिळालेल्या उत्तरांवरून कळणार नाही. त्यासाठी त्याच मुलांना चौथ्या वर्षी पुन्हा विचारावे लागेल, आणि ज्यांना परत यावे लागले त्यांनाही.