आधी सुई, मग सुरी

पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येतं, हे गावाकडे कुणाला सांगावं लागत नाही. मानेतल्या गाठीचंही बऱ्याचदा तेच असतं. दात किडलेला असतो, घसा धरलेला असतो, नाहीतर उवांपायी खाजवून डोक्यात जखमा झालेल्या असतात. कारण गेलं की गाठ बसते. दोन-तीन आठवडे झाले तरी बसत नाही, ती मात्र दाखवायची.

मग घरात दोन सल्ले हमखास येतात. एक, ‘सुई लावू देऊ नका, कॅन्सर असला तर पसरेल.’ दुसरा, ‘काढूनच टाका, कटकट नको.’ दोन्ही चुकीचे, पण मला भीती वाटते ती दुसऱ्याची.

एफएनएसी म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं. तिची सुई साधारण २३ गेजची, म्हणजे इंजेक्शनच्या नेहमीच्या सुईसारखीच बारीक. डॉक्टर गाठ दोन बोटांत पक्की धरतात, सुई आत घालून भराभर मागेपुढे करतात. सिरिंजमध्ये बहुधा काहीच दिसत नाही आणि पेशंटला वाटतं, वाया गेलं. पण माल सुईच्या पोकळीत असतो. तो थेंब काचपट्टीवर सोडून पसरतात आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या हेस मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० साली ही पद्धत छापून मांडली, तेव्हा त्यांची सुई १८ गेजची, चांगली जाड होती. आजच्या बारीक सुईने कॅन्सर पसरणं फारच विरळा.

सुरीची घाई का नको? तंबाखू-मशेरी लावणाऱ्या पन्नाशीच्या माणसाच्या मानेतली कडक गाठ बहुतेक वेळा तिथली नसतेच. कॅन्सरचं मूळ असतं जिभेत, टॉन्सिलमध्ये, घशात. ते न शोधता मान उघडली तर आतले थर चिकटतात आणि पुढचं खरं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. शिवाय मानेच्या बाजूला, कातडीपासून फारशी खोल नाही अशी एक नस (नर्व्ह, रक्ताची नव्हे) खांद्याकडे जाते. ती दुखावली तर खांदा खाली पडतो आणि केस विंचरायला हात वर जात नाही. एवढीशी गाठ काढण्यापायी!

तरी सुरी लागतेच कधीकधी. लिम्फोमाचा, म्हणजे अशा गाठींच्याच कॅन्सरचा संशय असेल तर सुईतून सुट्या पेशी येतात, आणि सुट्या दाण्यांवरून कणसाची ठेवण कळत नाही. तिथे शक्यतो अख्खी गाठ न फोडता काढतात.

आपल्याकडे मात्र मानेच्या गाठीत क्षय नेहमी मनात धरावा लागतो. जुन्या लोकांची गंडमाळ ती बहुधा हीच. बायोप्सीचा, म्हणजे तपासायला कापून काढलेला तुकडा सर्रास फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. पेशी बघायला ते ठीक, पण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग ते वाढवून कुठलं औषध लागू पडेल हे तपासता येत नाही. त्यासाठी थोडा तुकडा साध्या सलाइनमध्ये वेगळा ठेवावा लागतो. ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा, ‘दुसरी बाटली सलाइनची आहे ना?’